औदुंबराच्या पोटातला संसार

कॉमर्सला असताना ‘इकॉनॉमी’ हा शब्द ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर यावरून आला, असे शिकलो होतो. ‘इकॉलॉजी’चे मूळही तेच, हे मात्र निवृत्तीनंतर वाचनात आले. १८६६ साली अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने हा शब्द घडवला. जीव आणि त्याच्या भोवतीची माती, पाणी, हवा, शेजारपाजारचे इतर जीव यांच्या संबंधाचा हा अभ्यास. म्हणजे घर कसे चालते ते पाहणे. आपण गृहस्थाश्रमी माणसे, आपल्याला हे अवघड जाऊ नये.

आपला औदुंबरच घ्या. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. पण उंबराला फुले असतात, शेकड्यांनी, फळाच्या आत! गांधीलमाशीच्या कुळातला एक इवलासा कीटक असतो. त्याची मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात, ती परत येत नाही. अंगावरचा पराग फुलांना लागतो, काही फुलांत ती अंडी घालते. त्यातून निघणारे नर बिनपंखी. ते माद्यांसाठी वाट कोरतात आणि आतच मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या फळाच्या शोधात उडतात. उंबराशिवाय त्या कीटकाचा वंश नाही, कीटकाशिवाय उंबराला बी नाही. पुढे पाखरे, वटवाघळे फळे खाऊन बी लांब नेतात. बँकेच्या भाषेत, एकाचे नावे ते दुसऱ्याचे जमा. खाते कधी बंद होत नाही.

आणि आपण काय म्हणतो? फळे पडून चिकचिकाट होतो, किडे होतात, तेव्हा फवारणी करा, पाराभोवती फरशी घाला. चिकचिकाट मलाही आवडत नाही. पण मग प्रदक्षिणा नक्की कशाला घालतो, नुसत्या खोडाला?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात भुंगा आहे. प्रत्येक फुलाकडून थोडेच घ्यावे, फूल शाबूत राहावे, हे त्याच्याकडून शिकायचे. आपली माधुकरी तीच. आपल्या वसई भागातली बावखलेही त्याच हिशेबाची. पावसाचे पाणी साठे, मुरे, केळी-पानवेलींना मिळे, आणि विहिरीत खारे पाणी चढत नसे. बावखल बुजवले की एक प्लॉट जमा. शेजाऱ्याची विहीर मचूळ झाली तर ते कुणाच्या नावे टाकायचे? ताळेबंदात ती ओळच नसते.

गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. कावळ्याला, मुंगीला घास आपण घालतो, ते सोपे आहे. त्यांचे घर न मोडणे मला जास्त कठीण वाटते, कारण त्यात आपली गैरसोय होते. उंबराखाली फरशीऐवजी माती ठेवली तर पाय मळणार. पायरीशी पाण्याची एक बादली आणि तांब्या ठेवता येईल.