ओट्यावर वाचलेलं कार्ड

कसबे शिवथरला आत्याच्या माजघरात पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं होती. तिच्या सासऱ्यांनी १९३०च्या सुमारास परळच्या गिरणीतून पाठवलेली. पाचव्या जॉर्जचं छापील तिकीट, टपालाचे गोल शिक्के, मजकूर मोडीत. मी वीस वर्षं असे कागद जमवतो आहे.

"आत्या, ही मला दे. कडेला वाळवी लागलीय. पुण्यात नीट राहतील."

"राहतील. पण कोणाची म्हणून राहतील?"

"आपलीच. आपली ही समर्थ रामदासांची घळ घे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ती शोधली, ती जुन्या कागदांचा माग काढत. मठामठांतली बाडं त्यांनी धुळ्याला नेली नसती, तर किती शिल्लक राहिली असती?"

"समर्थांना जगाला सांगायचं होतं. माझ्या सासऱ्यांना फक्त सासूबाईंना सांगायचं होतं."

"पण कार्ड उघडंच असतं. १८७९ साली पाव आण्याला निघालं, तेव्हापासून पोस्टमनने वाचावं, ओट्यावर चार लोकांनी ऐकावं, हीच रीत. सासूबाईंना तरी कुठे वाचता येत होतं?"

"ओट्यावर ऐकायचे ते कोण? कार्डात आजारपण निघालं, तर ऐकणारा दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन यायचा. पैसे येणार नाहीत असं निघालं, तर वाणी महिनाभर थांबायचा. ऐकलं की काहीतरी अंगावर यायचं. तुझ्याकडे वाचणाऱ्याच्या अंगावर काय येतं?"

यावर मी बराच वेळ बोलत राहिलो. गिरणी कामगाराचा इतिहास मालकांच्या वह्यांतून लिहिला जातो, त्याचा स्वतःचा शब्द अशा कार्डांतच सापडतो, तो गेला की माणूस दुसऱ्यांदा मरतो, असं सगळं. ते मला आजही खरं वाटतं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. "खरंय तुझं," म्हणाली, "पण मी विचारलं ते राहिलंच."

मग मी पुराकडे वळलो. "२०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. तळिये गाव तर दरडीखाली गेलं. उद्या इथे..."

"तळियेत माणसं गेली रे. त्यात कागद नको आणूस."

मी गप्प झालो. थोड्या वेळाने तिनेच माझ्या पिशवीतलं चित्रकार्ड उचललं. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, खाली इंग्रजीत नुसती जात. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले, त्यांत माणसं जातीजमातींनुसार लावलेली आहेत. पुढची कितीतरी चित्रकार्डं त्याच वळणाची.

"हिचं नाव?"

"लिहिलेलं नाही."

"तोंड राहिलं, नाव गेलं. सासऱ्यांच्या कार्डांत नाव आहे. ती तुझ्याकडे आली की तेही असंच सुटं होईल."

"इथे राहिली तर वाळवी खाईल, आत्या."

"खाईल," ती म्हणाली. यावर तिच्याकडेही उत्तर नव्हतं. "एक वाच तरी."

मी वरचं उचललं. त्याचा शिक्का स्वच्छ उठला होता, म्हणून ते मी आधीच बाजूला काढलं होतं. मजकूर मात्र वाचला नव्हता. अडखळत वाचू लागलो. पावसाआधी घर शाकारून घेणे. म्हशीची खबर कळवणे. शेजारून घेतलेले पाच रुपये भादव्यात पाठवतो, तसे त्यांस सांगणे.

आत्याचा हात सुपात थांबला. शेजारचं घर आता बंद असतं, मुलं सुरतेला.

"पुढच्या कार्डात बघ," ती म्हणाली. "पाठवले का?"

संध्याकाळपर्यंत आम्ही कार्डं लावत बसलो. भादव्याचं कार्ड सापडलं नाही.