मी फक्त पुढे पाठवले



मोबाईलमुळे पुढे जग कसे होईल, हा प्रश्न आपल्या युवकांच्या बैठकीत हमखास निघतो. भाकीत करायला आम्हांला उभे करतात, ही गंमतच. फोनमधल्या निम्म्या गोष्टी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांकडून शिकलो आहोत. तरी सेमिनरीत वाचलेला एक जुना भविष्यवेत्ता आठवतो. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी तक्रार करतो: लिहिलेला शब्द कुणाच्याही हाती पडतो, कुणाशी बोलावे आणि कुठे गप्प बसावे हे त्याला कळत नाही, प्रश्न विचारला तर तो उत्तर देत नाही. म्हातारा उगाच घाबरला, असे विद्यार्थी असताना आम्हांला वाटले होते. २०१८ साली ते मत बदलले.

१ जुलै २०१८, रविवार. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात मोबाईलवर आधीपासून येत होते. संशय आला, जमाव जमला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्या पाचही जणांना मारहाण करून ठार करण्यात आले. त्याच रात्री आपल्या जिल्ह्यातील मालेगावात अशाच अफवेवरून परगावच्या काही जणांना जमावाने घेरले. त्यांच्यात एक लहान मूलही होते. पोलिसांनी त्यांना वाचवले.

त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, खेळणारे मूल उचलतात आणि पसार होतात. मूळ फीत कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. आपल्याकडे फिरली त्या फितीतून हा शेवट कापलेला होता. सत्य किंवा असत्य हे विधान असते, असे आम्ही तर्कशास्त्राच्या तासाला शिकलो. इथे विधान कुणी केले? कापणाऱ्याने काही कापले, दुसऱ्याने वर दोन ओळी लिहिल्या, हजारोंनी फक्त पुढे पाठवले. पण पाठवणारा काही बोलला नाही तरी त्याचे नाव बोलते. संदेश मामाकडून आलेला असतो, म्हणून तो खरा वाटतो.

याविषयी मिस्सानंतर एका मातेने आम्हांला अडवले. त्या म्हणाल्या, “फादर, खोटं निघालं तर काय बिघडलं? आणि खरं निघालं तर एखादं मूल वाचेल.” हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आईची काळजी त्यामागे आहे. आम्ही दोन दिवस त्यावर विचार केला. त्यातली खोट अशी, की या तराजूत दोन्ही पारड्यांत आपलेच मूल आहे. बाजारात आलेला अनोळखी माणूस कुठल्याच पारड्यात नाही. खोटे निघाल्यावर जे बिघडते ते त्याचे बिघडते. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीची आहे, आणि शेजारी कोण, हे प्रभूने वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसाची गोष्ट सांगून शिकवले.

आम्हीही निर्दोष नाही. रक्त हवे असल्याचा एक संदेश आम्ही धर्मग्रामाच्या गटावर टाकला होता. एक तरुण कामावरून सुट्टी घेऊन रुग्णालयात गेला, तर तो संदेश काही वर्षांपूर्वीचा निघाला. लिहिला तेव्हा तो खराच होता!

व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. वेग कमी झाला, चांगलेच झाले. पण पाठवू की नको, हे अंगठ्यालाच ठरवायचे आहे.

म्हणून युवकांना आम्ही एवढेच भाकीत सांगितले. २००३ च्या सिंहस्थात आपल्या नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटीचे नाशिककर प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झाले, आणि गर्दीवर नजर ठेवण्यासाठी मोबाईलचा उपयोग कसा होईल, यावर तरुणांनी काम केले. २०२७ मध्ये गोदाकाठी पुन्हा गर्दी होईल, बहुतेकांच्या हाती कॅमेऱ्याचा फोन असेल. गर्दी कुठे आहे हे तोच सांगेल, आणि नसलेली आगही तोच दाखवू शकेल. त्या वेळी आपल्यातले बरेच जण घरी बसून गटावर येईल ते वाचत असतील.

गेल्या रविवारी त्या माताच पुन्हा आल्या. फोन पुढे करून म्हणाल्या, “हे अजून कुणाला पाठवलं नाही. खरं की खोटं, कुणाला विचारू?” आम्हांलाही ठाऊक नव्हते. पोलीस ठाण्याचा क्रमांक शोधून आम्ही फोन लावला. तो लागेपर्यंत त्यांच्या फोनवर तोच संदेश आणखी दोघांकडून आला होता.