परिप्रश्न

प्रश्नोपनिषदाचा आरंभ मोठा हृद्य आहे. सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. (त्यांतील भार्गव हा विदर्भाचा, हे सांगताना आम्हां मराठी मंडळींस थोडा अभिमान वाटल्यास तो क्षम्य मानावा.) ऋषी लगेच उत्तरे देत नाहीत. तप, ब्रह्मचर्य व श्रद्धा यांसह वर्षभर येथे राहा, मग इच्छेस येईल ते विचारा. आम्हांस ठाऊक असेल तर सारे सांगू, असे ते म्हणतात. म्हणजे आधी सहवास, मग प्रश्न. आणि ठाऊक असण्याची अट खुद्द गुरूंनी स्वतःवर घातलेली!

गीतेच्या चौथ्या अध्यायातील ३४ व्या श्लोकात प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन साधने एकत्र येतात. परिप्रश्नाच्या एका अंगास नम्रता, दुसऱ्या अंगास सेवा. ही दोन्ही काढून घेतली की उरते ती चौकशी. पगार किती, मुलीचे कोठे जमले का, घर भाड्याचे की स्वतःचे, हे प्रश्न आपल्या मंदिरातील प्रसादाच्या पंगतीतही ऐकू येतात. त्यांत उत्तराची भूक असते, माणसाची नसते.

कचेरीतील निरोपसमारंभ आपण सर्वांनी पाहिले आहेत. तीस वर्षे शेजारच्या मेजावर बसलेल्या गृहस्थाविषयी चार वक्ते बोलतात. प्रामाणिक, मनमिळाऊ, वक्तशीर, एवढेच शब्द फिरून फिरून येतात. कारण त्याचे गाव कोणते, जुनी दप्तरे इतक्या बिनचूकपणे लावण्यास तो कोणापाशी शिकला, हे कोणीच कधी विचारलेले नसते. हार घालून त्यास घरी पाठविले जाते आणि एक माणूस अनोळखीच राहून जातो. आम्हांस ही लहानसहान हानी वाटत नाही.

माळव्यात आपल्यापैकी कित्येक कुटुंबांच्या पाच-सहा पिढ्या गेल्या. तरी शेजारच्या माळवी घरातील मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाने व फुलांनी संजा मांडतात, तेव्हा ही काय रीत आहे, असे किती जणांनी विचारले? विचारले असते तर आपल्या भोंडल्याची व भुलाबाईची गोष्ट आपोआप निघाली असती आणि दोन्ही घरच्या आज्यांस एकमेकींची गाणी ऐकावयास मिळाली असती.

विचारण्याइतकेच विचारून घेणेही कठीण. त्याच उपनिषदात सुकेशा सांगतो की, कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ रथातून आला व त्याने षोडशकल पुरुषाविषयी विचारले. सुकेशाने आपणांस ठाऊक नाही असे स्पष्ट सांगितले. असत्य बोलणारा मुळासकट सुकतो, अशी त्याची धारणा. राजपुत्र मुकाट्याने निघून गेला. पण तो प्रश्न सुकेशाच्या मनात राहिला आणि तोच त्याने पिप्पलादांपुढे ठेवला. नव्या कारकुनाने काही विचारताच वेळ मारून नेणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनी हा प्रसंग अवश्य वाचावा. खोट्या उत्तराने त्या मुलाचा पुढचा प्रश्नच मरतो, आणि त्यानंतर तो केवळ सही घेण्यापुरता मेजाशी येतो.

उपनिषदाच्या शेवटी तेच सहा जण पिप्पलादांचे पूजन करतात. अविद्येच्या पैलतीरास नेणारे आपण आमचे पिता आहात, असे ते त्यांस म्हणतात. आले होते तेव्हा ते परके होते. मध्ये एक वर्ष आणि सहा प्रश्न गेले होते.