मुलांच्या हातातला मोबाईल आणि राहुलाचा आरसा



वर्षावास संपत आला आहे. या तीन महिन्यांत आपल्यापैकी बरेच जण दर रविवारी ऑनलाइन जमून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करत होते. मागच्या रविवारी वाचन झाल्यावर एका ताईंनी विचारले, "मुलाच्या शाळेतून पत्र आलंय. शाळेच्या लॅपटॉपवर फिल्टर बसवणार आहेत आणि मुलं काय बघतात त्याची नोंद ठेवणार आहेत. आम्ही काय म्हणावं? धम्म यावर काही सांगतो का?"

मी आयटीत काम करतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्या दिवशी मी तांत्रिक उत्तर दिले, पण ते अर्धेच होते. उरलेले सांगायचे तर माझी एक चूक सांगावी लागते. स्क्रीनवर चाळीस चेहरे समोर असताना ती सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. म्हणून आज लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलांना इंटरनेटवर धोका आहे, ही पालकांची नुसती भीती नाही. ब्रिटनमध्ये मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी २०१७ साली स्वतःला इजा करून घेऊन मरण पावली. २०२२ साली तिच्या मृत्यूची न्यायिक चौकशी पूर्ण झाली. सोशल मीडियावर तिच्यापुढे येत राहिलेल्या मजकुराचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, असे त्या चौकशीत नोंदवले गेले. म्हणून शाळेने काहीच करू नये, असे मी म्हणणार नाही. आपण राहतो त्या नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात मोबाईल बंद झाले, पुढच्या शैक्षणिक वर्षापासून प्राथमिक शाळांतही. माझ्या मुलीने सुरुवातीला कुरकुर केली. आता तीच सांगते की मधल्या सुट्टीत मुले पुन्हा एकमेकांशी बोलू लागली आहेत.

आता फिल्टरकडे येऊ. शाळेच्या नेटवर्कवरून मूल एखादे पान मागते, तेव्हा फिल्टर त्या संकेतस्थळाचे नाव यादीत शोधतो. या याद्या कंपन्या तयार करतात: जुगार, हिंसा, अश्लीलता, खेळ वगैरे. नाव बंद यादीत असेल तर दार बंद. आतला मजकूर मात्र हल्ली बहुधा बंद पाकिटातून जातो, म्हणजे फिल्टरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, पत्र दिसत नाही. पत्र वाचायचे असेल तर शाळेला मुलाच्या लॅपटॉपवर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून प्रत्येक पाकीट वाटेत फोडावे लागते. पत्ता पाहणे आणि पाकीट फोडणे यांत मोठा फरक आहे. शाळेच्या पत्रात दोन्हींना एकच शब्द वापरलेला असतो: सुरक्षितता.

तथागतांनी एक उपमा दिली आहे. सरहद्दीवर एक नगर आहे, भक्कम तटबंदीचे, सहा दारांचे. दारावरचा पहारेकरी शहाणा आहे. अनोळखी माणसाला अडवतो, ओळखीच्याला आत सोडतो. हे नगर म्हणजे आपला देह, सहा दारे म्हणजे डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन. आणि पहारेकरी म्हणजे स्मृती, जागृती. नगराला पहारा हवा, हे भगवंतांनी नाकारले नाही. पण त्यांनी पहारेकरी बाहेरून भाड्याने आणायला सांगितला नाही. तो आत तयार करायला सांगितला.

बाहेरच्या पहाऱ्याची मर्यादा ब्रेडाच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. १५९० साली हे शहर स्पॅनिश फौजेच्या ताब्यात होते. किल्ल्यात सरपणाची दलदली माती घेऊन एक नाव नेहमी येत असे. त्या नावेत मातीच्या थराखाली सत्तरेक डच सैनिक लपून बसले. पहारेकऱ्यांनी नाव ओळखली, फार तपासली नाही, आत घेतली. रात्री शहर पडले. मुलांनी शाळेत ही गोष्ट ऐकलेली असते. आमच्या कामातही नेमके हेच घडते: यादीत 'ओळखीचे' म्हणून ठेवलेल्या दारातूनच नको ते आत येते. ज्या ॲपवर शाळेचा गृहपाठ येतो, त्याच ॲपच्या गप्पांच्या खिडकीत एक मूल दुसऱ्याला रडवत असते.

आणि फिल्टर चुकतो तो दोन्ही बाजूंनी. माझ्या मुलीला शाळेत समाज बदलणाऱ्या एका व्यक्तीवर बोलायचे होते. तिने बाबासाहेबांना निवडले. मला अभिमान वाटला. शाळेच्या लॅपटॉपवर ती माहिती शोधू लागली. महाडचा सत्याग्रह सापडला, १९५६ ची दीक्षा सापडली. पण आपल्या स्त्रियांवर झालेल्या जातीय अत्याचारांची पाने उघडेनात. 'हिंसा' आणि 'लैंगिक मजकूर' या यादीत ती गेली होती. यंत्राच्या दृष्टीने अत्याचार करणे आणि अत्याचाराविरुद्ध लिहिणे यांत फरक नव्हता.

आपल्या समाजाने हे बंद दार आधीही पाहिले आहे. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमाला पाणी हवे असेल तर शिपायाने वरून ओतायचे, शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः शिकून घेतले. म्हणून 'मुलांच्या भल्यासाठी काय बंद ठेवायचे' हे कोण ठरवतो, हा प्रश्न आपण इतरांपेक्षा आधी विचारला पाहिजे. शाळेच्या शिक्षिकेला मुलीने ते सांगितले, तेव्हा त्यांनी दोन दिवसांत ती पाने उघडून दिली. विचारणारे कुणी असेल तर दार उघडते.

आता नजर ठेवण्याबद्दल. ब्रेडाला आलात तर नासाउसिंगलवरचा जुना घुमटाचा तुरुंग पाहा. १८८६ सालची ही गोल इमारत. भिंतीलगत कोठड्यांचे मजले, सगळ्यांची तोंडे मध्याकडे. मध्ये उभा असलेला एक पहारेकरी सगळ्यांवर लक्ष ठेवू शकेल आणि तो आत्ता आपल्याकडे बघतोय की नाही हे कैद्याला कधीच कळू नये, या कल्पनेतून असे तुरुंग बांधले गेले. आज तिथे कैदी नाहीत. ती कल्पना मात्र लॅपटॉपमध्ये राहायला गेली आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन या शाळा जिल्ह्याने मुलांना लॅपटॉप दिले होते. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधता यावा म्हणून त्यातला कॅमेरा दुरून चालू करण्याची सोय ठेवली होती. २०१० मध्ये उघड झाले की त्या सोयीतून हजारो छायाचित्रे निघाली, त्यांत मुलांच्या घरातलीही होती. शेवटी ६ लाख १० हजार डॉलर देऊन खटले मिटवावे लागले. हेतू चोर पकडण्याचा होता. आपल्या इथल्या कर खात्यानेही बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात लोकांच्या दुहेरी नागरिकत्वाची माहिती जपून ठेवली आणि चुकीच्या रीतीने वापरली. त्याबद्दल त्याला २०२१ मध्ये साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड झाला. त्याच प्रकरणावरून त्या वर्षी जानेवारीत मंत्रिमंडळ पायउतार झाले होते. परकी आडनावे असलेल्या आपण, आपल्या मुलांची नोंद कुठल्या यादीत जाते आहे हे विचारलेच पाहिजे.

हे सगळे मला माहीत होते. तरीही मी काय केले ते आता सांगतो.

मुलगी तेरा वर्षांची झाली, तिला फोन दिला, आणि तिला न सांगता त्यात नजर ठेवणारे ॲप टाकले. माझ्या मनाला सांगितले की मी या क्षेत्रातला आहे, मला धोके कळतात. ॲप तिचे मेसेज तपासायचे आणि धोक्याचा शब्द दिसला की मला लाल इशारा पाठवायचे. पहिलाच इशारा आला तो तिने मैत्रिणीला 'मी मरतेय' असे डचमध्ये लिहिले म्हणून. माझे हात कापले. मग कळले, इथली मुले फार हसू आले की असेच लिहितात.

काही आठवड्यांनी जेवताना तिने विचारले, "पप्पा, तुम्ही माझे मेसेज वाचता का?"

मी म्हणालो, "नाही."

ती काही बोलली नाही. ताट तसेच ठेवून उठली. रात्री मला झोप लागली नाही. सकाळी तिच्या खोलीत जाऊन मी खरे सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं. बॅटरी लवकर संपत होती, मी सेटिंगमध्ये पाहिलं. मग त्या मुलाने मला जे लिहिलं ते तुम्ही वाचलंत ना? वाचून गप्प का बसलात?"

मी काहीच वाचले नव्हते. भारतीय मुलांच्या एका ग्रुपमध्ये एका मुलाने आधी तिचे आडनाव विचारले होते. नंतर आपल्या जातीवरून दिली जाणारी शिवी, हिंदीत, रोमन अक्षरांत. ॲपच्या यादीत इंग्रजी आणि डच शब्द होते. तो शब्द नव्हता. जो शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानात शिसे ओतल्यासारखा पडला, तो त्या यंत्राला फक्त अक्षरे वाटली. आणि माझी लेक आठ दिवस वाट पाहत होती की पप्पांनी वाचले आहे, आता ते काहीतरी बोलतील.

बंधू-भगिनींनो, नजर ठेवण्याचा हा दोष मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. मूल धरून चालते की बघणाऱ्याला दिसले आहे. मग ते सांगायचे थांबते.

त्या आठवड्यात मी राहुलाला केलेला उपदेश पुन्हा वाचला. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. भगवंत त्याच्याकडे गेले, पाय धुतले, भांड्यात थोडे पाणी उरवले आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असे एवढेसेच असते, हे त्या पाण्यावरून दाखवले. मग ते पाणी फेकून भांडे उपडे केले. त्यानंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणाला. तसेच प्रत्येक कृती, वाणी आणि विचार यांकडे करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते का, हे तपासावे. आणि शरीराने किंवा वाणीने चूक झालीच तर जाणत्या माणसाजवळ ती उघड करावी. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात सर्वांनी ऐकावेत अशी जी धम्मवचने नेमून दिली, त्यांत खोटे बोलण्यासंबंधीचा हा राहुलाचा उपदेश आहे.

मी हा उपदेश आजवर मुलीसाठी वाचत होतो. त्या दिवशी कळले की उपडे भांडे माझे होते. मुलीवर पाळत ठेवण्यासाठी मी चौथे शील मोडले होते.

भगवंतांनी राहुलावर पहारा बसवला नाही. पण त्याला मोकळेही सोडले नाही. त्यांनी त्याच्या हातात आरसा दिला आणि चूक घेऊन येण्यासाठी एक जागा दिली. संघातही नियम होतेच. पण ते घटना घडल्यावर, कारण सांगून केले जात आणि दर पंधरवड्याला सर्वांसमोर म्हटले जात. लपवलेला नियम तिथे नव्हता. वर्षावासाच्या शेवटी पवारणा होते. भिक्खू स्वतः संघाला विनंती करतो की माझ्यात काही दोष दिसला, ऐकला किंवा शंका आली असेल तर करुणेने सांगा. नजर इथेही आहे, पण ती निमंत्रणाने आलेली आहे.

त्या ताईंना आता माझे पूर्ण उत्तर असे आहे. शाळेला चार प्रश्न विचारा. तुम्ही फक्त पत्ता पाहता की पाकीट फोडता? नोंद कोण वाचतो आणि किती दिवसांनी पुसतो? लॅपटॉप घरी आल्यावरही नजर चालू राहते का? चुकून बंद झालेले पान उघडून घ्यायला मुलाने कुणाकडे जायचे? नेदरलँड्समध्ये शाळेच्या सहभाग परिषदेत पालकांचे प्रतिनिधी असतात. मुलांच्या वैयक्तिक माहितीविषयीचा नियम त्यांच्या संमतीशिवाय शाळेला ठरवता येत नाही. या परिषदेवर निवडून जा. आपली माणसे तिथे क्वचितच दिसतात. ब्रिटनमधल्या बांधवांनी शाळेचा फिल्टरचा वार्षिक आढावा मागावा. २०२३ पासून तिथे तसा निकष आहे. आणि जातीवाचक छळ हाही छळ आहे, तो कुठल्या शब्दांत होतो, हे शिक्षकांना आपणच समजावून सांगायचे आहे. यंत्राला ते कळणार नाही.

घरात मात्र नियम उघड ठेवा. लहान मुलांना फिल्टर जरूर लावा, पण त्यांना दाखवून लावा. वय वाढेल तसा तो सैल करा. घरी कुणाशी बोलता येत नसेल तर मुलांना इथला किंडरटेलेफोनचा क्रमांक पाठ असू द्या: ०८००-०४३२.

मी ॲप काढून टाकले. त्या मुलाच्या घरी आम्ही दोघे नवरा-बायको जाऊन आलो. ते बोलणे कठीण होते आणि अजून संपलेले नाही. मुलीने बाबासाहेबांवरचे भाषण केले. शेवटी वर्गातल्या एका डच मुलाने विचारले, हे अजूनही होते का? ती म्हणाली, हो, मागच्या महिन्यात माझ्या फोनवर झाले.

या अश्विन पौर्णिमेला आपल्या मुलांसमोर बसा. त्यांचा फोन मागू नका. आधी तुम्हीच पवारणा करा: माझ्या वागण्यात तुला काय खटकते ते सांग. मग शांतपणे ऐका. मी ते केले. मला तीन गोष्टी ऐकाव्या लागल्या, तिन्ही खऱ्या होत्या. त्यानंतर तिने स्वतःहून फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "पप्पा, हे बघा, याचं काय उत्तर देऊ?"

जय भीम. नमो बुद्धाय.