पूर्वजांचे देणे

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात स्वान्टन मॉर्ली नावाचे गाव आहे. तेथील रिचर्ड लिंकन या सधन शेतकऱ्याने चार विवाह केले, आणि 1616 च्या सुमारास मृत्युपत्र करताना पहिल्या पत्नीच्या मुलाला, एडवर्डला, बाजूस सारून आपली मिळकत चौथ्या पत्नीच्या मुलांकडे जाईल अशी तजवीज केली. एडवर्ड जवळच्याच हिंगहॅम गावी बेताच्या परिस्थितीत राहिला. त्याच्या मुलांना वडिलोपार्जित जमिनीची आशा उरली नाही. त्यांतला सॅम्युएल नॉरिच शहरातील फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराकडे उमेदवार म्हणून लागला, आणि 1637 साली मालकाच्या कुटुंबाबरोबर जहाजात बसून अमेरिकेत आला. जहाजाच्या यादीत त्याचे वय अठरा लिहिले आहे. हिंगहॅमच्या चर्चच्या दफ्तरात त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख 24 ऑगस्ट 1622 अशी आहे, म्हणजे त्या हिशेबाने त्याला पंधरावेही पुरे झालेले नव्हते. मुलाने वय वाढवून सांगितले, कारकुनाने अंदाजाने मांडले, की बाप्तिस्माच उशिरा झाला, यावर वंशशोधकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्या वादापेक्षा तो वाद घालावासा वाटणे हेच अधिक विचारणीय वाटते. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीच्या एका विणकराच्या उमेदवाराचे वय नेमके किती, याची उठाठेव कोणी कशासाठी करावी?

उघड उत्तर असे की, या सॅम्युएलच्या सातव्या पिढीत अब्राहम लिंकन जन्मले. परंतु थोर पुरुषाचा पूर्वज म्हणून एखाद्याचे महत्त्व मानायचे, तर त्यामागे एक गृहीत धरलेले तत्त्व असते: वंशाच्या धाग्यातून काहीतरी खाली उतरत येते. ते काहीतरी म्हणजे काय, हा प्रश्न इतिहासाचा जितका आहे तितकाच धर्माचा आहे. आणि सॅम्युएल ज्या समाजात येऊन वसला त्या समाजाने तो अत्यंत गांभीर्याने विचारला होता.

मॅसॅच्युसेट्समधील नव्या हिंगहॅमात सॅम्युएलचे वडीलबंधू आधीच येऊन स्थायिक झाले होते. त्या छोट्याशा वसाहतीत टॉमस लिंकन याच नावाचे चार गृहस्थ होते, आणि गावदफ्तरात त्यांची ओळख विणकर, गिरणीवाला, पिंपे बांधणारा आणि शेतकरी अशा धंद्यांवरून पटवावी लागे. सॅम्युएलने विणकाम आणि शेती अशा दोन्हींवर चरितार्थ चालवला व 1690 मध्ये तो वारला. ही मंडळी प्युरिटन होती. ईश्वराने अब्राहामाशी केलेला करार त्याच्या संततीलाही लागू आहे, या बायबलमधील वचनावर त्यांचे सारे ग्रामजीवन उभे होते. तथापि चर्चचा पूर्ण सभासद होण्यासाठी मनुष्याला आपल्या अंतःकरणात ईश्वरी कृपेचा प्रत्यय आला असल्याचे सर्वांसमक्ष निवेदन करावे लागे, आणि पहिल्या पिढीला जो प्रत्यय आला होता तो पुढच्या पिढीतील अनेकांना येईना. मग या अर्धवट सभासदांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही? 1662 साली बॉस्टनच्या धर्मसभेने तोडगा काढला की, ज्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला आहे व ज्यांचे आचरण शुद्ध आहे अशांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा. प्रभुभोजनाचा हक्क मात्र प्रत्ययाशिवाय देऊ नये. विरोधकांनी उपहासाने याला अर्धा करार म्हटले आणि तेच नाव इतिहासात रूढ झाले. तडजोड व्यवहार्य होती, पण तिच्यातून उघड झालेली अडचण तर्काने सुटणारी नव्हती. कृपा ही जर ईश्वराची स्वतंत्र देणगी असेल, तर ती रक्ताच्या नात्याने मिळू शकत नाही. आणि रक्ताच्या नात्याने मिळत असेल, तर ती कृपा नव्हे, मिरास होय.

आपल्याकडील श्राद्धविधीत प्रवाहाची दिशा उलट आहे. तेथे पितरांकडून पुण्य मागण्यापेक्षा पितरांनाच काही पोचवण्याचा संकल्प असतो. पिता, पितामह व प्रपितामह या तिघांची नावे घेऊन पिंड दिले जातात, आणि त्यापलीकडचे पितर नामरूपावाचून समूहात मिसळून जातात. न्यू इंग्लंडच्याच शेतकरी घराण्यातून निघालेल्या जोसेफ स्मिथने एकोणिसाव्या शतकात स्थापिलेल्या मॉर्मन पंथानेही ही उलटी दिशा स्वीकारली. मृत पूर्वजांच्या वतीने वंशजांनी बाप्तिस्मा घ्यावा, अशी त्यांची शिकवण आहे, आणि त्याकरिता प्रत्येक मृताचे नाव निश्चित कळणे आवश्यक ठरते. त्यांनी जगभरची जन्ममृत्यूची दफ्तरे सूक्ष्मचित्रांच्या फितींवर उतरवून घेतली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यादेखील त्यांतून सुटल्या नाहीत. आमच्या धर्मशास्त्राने तीन पिढ्यांनंतर नावाची अट सोडून दिली, यात मला आळस दिसत नाही. मनुष्याची स्मृती कोठवर टिकते याचा तो सुज्ञ अंदाज आहे.

स्वतः लिंकन यांना आपल्या वंशाच्या संशोधनात फारसा रस नव्हता. 1848 मध्ये ते काँग्रेसचे सभासद असताना हिंगहॅमच्या इतिहासाचे लेखक सॉलोमन लिंकन यांनी त्यांच्या घराण्याविषयी चौकशी केली, तेव्हा त्यांना आजोबांच्या मागे निश्चित असे काही सांगता आले नाही. 1859 मध्ये लिहिलेल्या अल्प आत्मचरित्रात त्यांनी एवढेच नमूद केले की, आपले आईवडील व्हर्जिनियातील अप्रसिद्ध कुळांतले होते, पूर्वज पेनसिल्वेनियाच्या बर्क्स जिल्ह्यातून आलेले क्वेकर होते, आणि न्यू इंग्लंडमधील लिंकनांशी नाते जोडण्याचा प्रयत्न ईनॉक, लेवी, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे गेला नाही. नाते खरे होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले, आणि तेही मुख्यतः दस्तऐवजांवरून: 1736 मध्ये पेनसिल्वेनियात वारलेल्या मॉर्डेकाय लिंकनने, म्हणजे सॅम्युएलच्या नातवाने, मृत्युपत्रात जॉन नावाच्या मुलाला न्यू जर्सीतील 300 एकर जमीन दिली होती, आणि 1748 मध्ये तीच जमीन विकताना जॉनने खरेदीखतात आपला बाप कोण हे लिहिले होते. हा जॉन 1768 मध्ये व्हर्जिनियातील लिनव्हिल ओढ्याकाठी गेला. क्वेकरपणाची दंतकथा मात्र कागदपत्रांपुढे फारशी टिकत नाही. शेजारच्या बून घराण्यातील ॲन नावाच्या मुलीने या लिंकनांपैकी एकाशी लग्न केले, तेव्हा पंथाबाहेर विवाह केला म्हणून क्वेकरांच्या सभेने तिला दोष दिला होता. नवरा क्वेकर असता तर दोष कसला?

येथे थोडे गणित करून पाहावे. अब्राहमपासून सॅम्युएलपर्यंत वर चढताना सहा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर पूर्वजांची संख्या दुप्पट होते. म्हणजे सॅम्युएल हा त्या पायरीवरील चौसष्ट पूर्वजांपैकी एक. उरलेल्या त्रेसष्टांचा अंश अब्राहमच्या देहात त्याच्याइतकाच होता, पण आडनाव त्यांचे नव्हते म्हणून त्यांच्या गावी कोणी फलक लावले नाहीत. त्यात आईच्या बाजूचा प्रश्न आहेच. आपली आई नॅन्सी हँक्स ही औरस संतती नव्हती, असे लिंकन यांनी आपल्याला एकदा सांगितल्याचे त्यांचे भागीदार हर्न्डन यांनी लिहून ठेवले आहे. ते खरे धरले तर चौसष्टांपैकी सोळा पूर्वज एका अज्ञात पुरुषाच्या मागे दडलेले आहेत. वंशवृक्ष म्हणून जे काढले जाते ते झाड नसून झाडाची एकच डहाळी असते, आणि तीसुद्धा आडनावाच्या कायद्याने निवडलेली.

तर मग त्या डहाळीतून खाली आले काय? कृपा नव्हे, सद्गुण तर नव्हेतच. जे आले ते बहुधा कायद्याच्या निकालांचे परिणाम. रिचर्डच्या मृत्युपत्राने एक शाखा भूमिहीन झाली, आणि त्यातून देशांतर घडले. लिनव्हिल ओढ्यावरच्या जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम 1782 मध्ये केंटकीत गेला. तेथे त्याने पाच हजार एकरांहून अधिक जमिनीवर हक्क नोंदवले, आणि मे 1786 मध्ये शेतात काम करीत असताना मूळच्या रहिवाशांपैकी एकाच्या गोळीने तो मेला. त्याच्या थोरल्या मुलाने, मॉर्डेकायने, मारेकऱ्याला गोळी घालून धाकट्या टॉमसला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या वडिलांना, वाचवले, अशी घरातली हकीकत आहे, आणि ती लहानपणी ऐकलेल्या सर्व कथांत आपल्या मनावर सर्वाधिक बिंबली, असे लिंकन यांनी पुढे एका नातलगाला लिहिले. कथा रोमहर्षक आहे, पण टॉमसचे नशीब ठरवले ते गोळीने नव्हे. मृत्युपत्र नव्हते, आणि केंटकी तेव्हा व्हर्जिनियाच्या अमलाखाली असल्यामुळे ज्येष्ठाधिकाराच्या जुन्या नियमाने सगळी जमीन मॉर्डेकायकडे गेली. तो नियम रद्द करणारा कायदा व्हर्जिनियाने 1785 मध्येच मंजूर केला होता. अंमल 1 जानेवारी 1787 पासून सुरू व्हायचा होता. आठ महिन्यांच्या त्या फरकामुळे टॉमस मजुरी करीत, अक्षरशत्रू राहून वाढला. पुढे त्याने केंटकीत स्वतः जमिनी घेतल्या, तर त्यांच्या मोजणीत व मालकीच्या कागदांत दोष निघून कज्जे उभे राहिले. 1816 मध्ये तो इंडियानात गेला त्याचे मुख्य कारण हेच होते, आणि गुलामगिरीचा तिटकारा हे त्याखालोखाल, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

ज्याला वारशाने जमीन मिळाली नाही त्याच्या मुलाने वारशाने मिळणाऱ्या दोषाचा विचार करावा, यात एक संगती आहे. बापाच्या पापाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते असे बायबलमध्ये एके ठिकाणी म्हटले आहे, तर संदेष्टा यहेज्केल प्रत्येकाने आपल्याच पापासाठी मरावे असे सांगतो. या दोन मतांत मेळ घालणे कोणाही धर्मवेत्त्याला सोपे गेलेले नाही. 4 मार्च 1865 रोजी राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेताना लिंकन यांनी यादवीचा अर्थ असा लावला की, गुलामांच्या अडीचशे वर्षांच्या बिनमोबदला श्रमांची परतफेड ईश्वर उत्तर आणि दक्षिण दोघांकडून करून घेत असावा. येथे देणेकऱ्यांची मोजणी कुळावरून केलेली नाही. ज्याच्या घरी कधी गुलाम नव्हता तोही त्यात येतो, आणि लिंकनांच्याच घराण्यात टेनेसीमधील आयझॅकसारखे गुलामांचे मालक होते हा तपशील त्यात गौण ठरतो. पुण्य वंशाने मिळत नाही असे म्हणणाऱ्यालाही ऋण मात्र समाजाच्या नात्याने मान्य करावे लागते. यापेक्षा निर्दोष मांडणी मला तरी सुचत नाही.

परंतु त्या मांडणीत जमाखर्चाचे एक पान नाही. हिंगहॅमची वसाहत 1633 च्या सुमारास झाली, त्याच वर्षी तेथील मूळ रहिवाशांचा नायक चिकाटॉबट देवीच्या साथीत मेला, आणि जमिनीचे रीतसर खत त्याच्या मुलांकडून घेतले गेले ते 1665 साली, म्हणजे सॅम्युएलला तेथे घर करून वर्षे लोटल्यावर. वहिवाट आधी आणि हक्क मागून, हाच क्रम पेनसिल्वेनियात, व्हर्जिनियात, केंटकीत कमीअधिक फरकाने पुन्हा दिसतो. 1862 मध्ये मिनेसोटात डकोटा लोकांनी उठाव केला तेव्हा लष्करी न्यायालयांनी 303 जणांना फाशी ठोठावली. ज्याचे आजोबा अशाच गोळीने मेले होते त्या राष्ट्राध्यक्षाने खटल्यांची कागदपत्रे तपासवून घेऊन बहुतेकांचे प्राण वाचवले, आणि तरीही 26 डिसेंबरला 38 जण एकाच वेळी फासावर गेले. सूडबुद्धी त्यांच्या ठायी नव्हती, हे त्या आकड्यांतील अंतरावरून मान्य करावे लागते. पण त्याच वर्षी 20 मे रोजी त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने पाच वर्षे वहिवाट करणाऱ्या कोणाही वसाहतवाल्याला 160 एकर सरकारी जमीन देऊ केली, म्हणजे टॉमसला जे जन्मभर मिळाले नाही ते इतरांच्या टॉमसांना मिळावे अशी सोय केली. आणि पुढल्याच वर्षी काँग्रेसने मिनेसोटातील डकोटांची राखीव जमीन काढून घेतली.