कला वाचवायची म्हणजे कोणाला?

हस्तकला टिकली पाहिजे, असे आपण सारेच म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. पण लखनौच्या चिकनकारीचा विचार करू लागलो की हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते.

ईदला आपल्यापैकी कितीतरी जण चिकनचा कुर्ता घालतात. त्याची मेहनत पाहा. कापडावर लाकडी ठशांनी कच्च्या निळीची नक्षी छापतात, मग ते घरोघरी बायकांकडे जाते. टेपची म्हणजे साधा धावदोरा. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी. बखिया कापडाच्या मागून घालतात, समोर त्याची सावली तेवढी दिसते. जालीत तर एकही धागा न काढता, सुईने उभे-आडवे धागे बाजूला सारून बारीक छिद्रे करतात. शेवटी धोबी नीळ धुऊन काढतो.

या बायकांत मुस्लिम बायका फार मोठ्या संख्येने आहेत. काम घरी येते म्हणून सोयीचे, आणि घरीच येते म्हणून बाजारातला भाव त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मजुरी नगावर मिळते. ती ठरवतो मधला दलाल. १९८६ साली मुजफ्फर अलींनी ‘अंजुमन’ चित्रपटात हेच दुखणे मांडले होते. २००८ साली चिकनकारीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२४ साली नसीम बानो यांना पद्मश्री मिळाली. आनंदच आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे नाही.

मग प्रश्न असा की, बाईचे कष्ट स्वस्त आहेत म्हणून एखादी कला टिकत असेल, तर ती टिकावी अशी इच्छा धरण्याचा हक्क आपल्याला आहे काय? कारागिरांच्या मुली सुई हातात घ्यायला तयार नाहीत, अशी हळहळ व्यक्त होते. आम्हाला ही हळहळ पटत नाही. (आम्ही शिक्षक आहोत, म्हणून पुस्तकाची बाजू घेतो असे समजू नका.) हळहळणाऱ्यांपैकी कोण आपल्या लेकीला त्या मजुरीवर बसवील?

अशाने कला मरेल, असे कोणी म्हणेल. पण ती स्वस्ताईनेही मरतेच आहे. नगावर तुटपुंजे पैसे मिळाले की टाका लांब होतो, विरळ होतो. मुर्री आणि जालीला वेळ लागतो. तो वेळ विकत घ्यायला कोणी तयार नसते. म्हणजे कारागिराचे पोट आणि कलेचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या मुलांना तोंडपाठ असते. ती मजुरी किती असावी, हे मात्र आपण दुकानात घासाघीस करून ठरवतो. दर ईदला नवा स्वस्त कुर्ता घेण्यापेक्षा चार ईदांना पुरेल असा एकच घ्यावा, पुऱ्या किमतीचा. आणि कोणाच्या हातचा आहे, हे दुकानदाराला विचारावे. बहुतेकांना सांगता येणार नाही. तरी विचारावे.

आणि शाळा पूर्ण केलेल्या मुलीने उद्या स्वतःहून सुई उचलली, तर तिने आपला भाव स्वतः सांगावा.