वस्त्रं कुणी पुरवली?



आजचं वाचन : महाभारत, सभापर्व, वस्त्रहरणाचा प्रसंग.

आपल्याला ही गोष्ट पाठच आहे. द्रौपदीने धावा केला, कृष्णाने द्वारकेतून वस्त्रं पुरवली. सिरियलमध्ये तर त्याच्या हातातून साडी निघतानाही दिसते. शंकेला जागाच नाही.

पण पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती उघडली की जरा थबकायला होतं. एजर्टन यांनी संपादित केलेलं सभापर्व १९४४चं. अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या त्या पाठात द्रौपदीचा धावा नाही, तो तळटीपांत गेलाय. एक वस्त्र ओढलं की तसंच दुसरं प्रकट होतं, बस्स. कुणी दिलं, ते सांगितलेलंच नाही.

मग कृष्णाचा संबंधच नाही का? तसंही नाही. वनपर्वात तो म्हणतो, मी शाल्वाशी लढण्यात गुंतलो होतो, नाहीतर येऊन द्यूतच थांबवलं असतं. आणि उद्योगपर्वात संजयाला सांगतो की मी दूर असताना तिने ‘गोविंद’ म्हणून हाक मारली, ते ऋण वाढतच चाललंय, मनातून जात नाही. आता बघा हं, वस्त्रं त्यानेच दिली असतील तर ऋण कसलं उरलं?

मला धाव्याची गोष्ट खोटी वाटत नाही. लहान मुलांना मी तीच सांगेन. पण आयसीयूबाहेर रात्रभर नाव घेऊनही ज्याचं माणूस गेलं, त्याला ती टोचते. ‘माझीच हाक कमी पडली’ असं वाटत राहतं. त्याला मी न सांगितलेली गोष्ट वाचायला देईन, आणि सोबत ते ऋणाचं वाक्य. देवाच्याही मनात काहीतरी सलत राहिलंय, एवढं तरी त्याला कळेल.

अर्थात प्रत्येक संदिग्धता अशी मायेची नसते. त्याच सभेत भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, तुझ्या प्रश्नाचा निवाडा मला करता येत नाही. समोर कोण उभी आहे? केस धरून फरपटत आणलेली सून! इथे गूढ वगैरे काही नाही, इथे सरळ उत्तर हवं होतं. आणि ते दिलं कुणी, तर दुर्योधनाच्या धाकट्या भावाने, विकर्णाने. ही जिंकली गेलेली नाही, असं तो भर सभेत म्हणाला.

उद्या विकर्णाचं भाषण वाचू. कर्ण त्याला कसा गप्प करतो, तेही.